शेजारणीची ईस्टरची टेप

अंडी रंगवायच्या पाण्यातल्या व्हिनेगरचा वास आला की मला सनीव्हेलचं आमचं जुनं अपार्टमेंट आठवतं. आम्ही नुकतेच अमेरिकेत आलो होतो, लेक पाच वर्षांची होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तिच्या हातात एक टोपली दिली. आत व्हिनेगरचा वास येणारी रंगवलेली अंडी आणि वर एक व्हिडिओ टेप. त्यांची मुलं लहान असताना टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं ईस्टरच्या सशाचं कार्टून होतं म्हणे, त्या दरवर्षी बघायच्या. मी नवऱ्याला म्हटलं, “उगाच कोण देतं यार? सशाच्या आडून पोरीला चर्चमध्ये नेतील बघ.” प्रवचन सुरू झालं की बंद करायचं, असं ठरवून मी रिमोट घट्ट धरून लेकीशेजारी बसले. चित्र थरथरत होतं, ससा बर्फात अडकत होता, मध्येच कुठल्याशा साबणाची जुनी जाहिरात, पण देवाचं नावसुद्धा नाही. शेवटी ससा घरी पोचला तेव्हा टाळ्या मीच वाजवल्या. टोपली रिकामी कशी परत करायची, म्हणून सकाळी केलेले रव्याचे लाडू त्यात ठेवले आणि लेकीला घेऊन गेले. बाईंनी एक लाडू उचलला, वास घेतला आणि हळूच विचारलं, “हे तुमच्या देवापुढे ठेवलेले नाहीत ना?” मी शब्द जुळवेपर्यंत लेक म्हणाली, “ओन्ली फॉर फाइव्ह मिनिट्स!” बाई हसल्या, “नंतर खाईन,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. लेक आता नोकरी करते. पण बाईंनी तो लाडू खाल्ला असेल, यावर माझा अजून विश्वास नाही.