बिनबैलाच्या काकू

पानावर बसल्यावर लोक चित्राहुती घालतात. आमच्या काकू चौकशी करत. ही भाजी कुठली, ते शेत कोणाचं, आणि त्या शेतात बैल आहे का. एम. पी. नगरातल्या एका लग्नात त्यांनी मटार-पनीर वाढणाऱ्याला हेच विचारलं. तो गडबडून म्हणाला, "अम्मा, इसमें बैल कहाँ से आएगा, शुद्ध शाकाहारी है." काकूंनी त्याला आशीर्वाद दिला, पिशवीतून शिंगाड्याच्या पिठाची थालीपिठं काढली आणि पाचशे माणसांच्या पंगतीत शांतपणे आपलं जेवण उरकलं.

बरखेड्यात, कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये, आमच्या क्वार्टरांची मागची भिंत एक होती. काका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तांना भाड्यानं मिळतं तसं त्यांचं क्वार्टर त्यांच्याकडेच राहिलं होतं. मी टाऊनशिपच्या वाचनालयात कामाला होतो, एकटा होतो, आणि बोलायला फारसा कोणाच्या कामाचा नव्हतो. काकू मला नावानं हाक मारत नसत. भिंतीपलीकडून आवाज यायचा, "वाचनालय, वाटी घेऊन ये." मी वाटी घेऊन जायचो. त्या वाटीत काय पडेल हे मात्र कधी सांगता येत नसे.

हे सगळं सुरू झालं एका ऋषिपंचमीला. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आपोआप उगवलेलं, नाहीतर माणसानं हातानं लावलेलं खायचं, हा नियम आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. बरखेड्यातल्या आणि इंद्रपुरीतल्या मराठी बायकांची ऋषीची भाजी वर्षानुवर्षं काकूंच्या घरी, एका मोठ्या पातेल्यात व्हायची. त्या वर्षी काकूंनी ठरवलं की भाजी अगदी शुद्ध हवी, म्हणून त्या नेहमीच्या बाजारात न जाता जैविक हाटात, म्हणजे सेंद्रिय भाजीच्या बाजारात, गेल्या. दुप्पट भावानं माठ, भेंडी, कणसं, अळू आणलं. सगळ्यांनी वाखाणून खाल्लं. दुसऱ्या दिवशी काकू त्या विक्रेत्याला मुद्दाम शाबासकी द्यायला गेल्या. तो कॉम्प्युटरची नोकरी सोडून शेतीला लागलेला तरुण होता. शाबासकीनं खुलून त्यानं मोबाइलवर फोटोच दाखवला. "आंटी, हमारे खेत में ट्रैक्टर घुसता ही नहीं. सब इन्हीं दोनों की मेहनत है." फोटोत दोन पांढरेशुभ्र बैल होते, शिंगांना रिबिनी बांधलेल्या.

काकू घरी आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नेहमीच्या बाजारातली, युरिया मारलेली, ट्रॅक्टरची भाजी आणली असती तर व्रत पार पडलं असतं. शुद्धतेच्या नादात त्यांनी अख्ख्या टाऊनशिपला बैलाचे कष्ट खाऊ घातले होते. काकांनी नागपूरच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, अजाणता झालं, विष्णूचं नाव घ्या, संपलं. काकूंना ते पटलं नाही. "फोनवरचं प्रायश्चित्त फोनलाच लागतं," त्या म्हणाल्या. "एवढ्या जणींचं मोडलं ते माझ्या हातून. सगळ्यांचं मीच भरून काढीन. पुढल्या पंचमीपर्यंत बैलाचं काही खाणार नाही."

मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. हल्ली शेतात बैल राहिलाय कुठं, गहू-तांदूळ सगळं ट्रॅक्टरचंच, तेव्हा तुम्ही खुशाल पोळी खा, असं माझं म्हणणं होतं. काकूंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंडीत शंभर शेतांचा गहू एका ढिगात पडते. त्यात एक शेत बैलाचं असलं तर तू कसा निवडशील? तुझ्या पुस्तकात आहे का तशी चाळण?" माझ्या पुस्तकात नव्हतं. त्या दिवसापासून गहू, ज्वारी, डाळ, तांदूळ बंद झालं, आणि आमच्या कॉलनीनं त्यांना नाव दिलं, बिनबैलाच्या काकू.

मग काकू रोज सकाळी पिशवी आणि आकडी घेऊन टाऊनशिपमध्ये निघू लागल्या. बरखेड्यात झाडांना तोटा नाही. चिंच, कवठ, शेवगा, कांचनाच्या कळ्या, रस्त्याकडेची घोळ आणि चिवळ, कुंपणावरची काटवलं. कारखान्याच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं तरोटा माजायचा, म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला टाकळा म्हणतात तो. एकदा गेटवरच्या गार्डनं त्यांना अडवलं. कारखान्याच्या हद्दीतलं काही बाहेर न्यायला परवानगी लागते, असं त्याचं म्हणणं होतं. काकूंनी पिशवी उपडी करून दाखवली. गार्डनं त्या गवताकडे पाहिलं, काकूंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, "माताजी, घर में सब ठीक तो है?" दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या डब्यातल्या दोन पोळ्या त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या बैलाच्या आहेत म्हणून काकूंनी नाकारल्या, तेव्हा तो आणखीच काळजीत पडला.

ज्या पानाची त्यांना खात्री नसे ते आधी काकांच्या जिभेवर जाई. काका कारखान्यात टेस्टिंगला होते, त्यामुळं त्यांनाही यात काही वावगं वाटत नसे. काका सकाळी पेपर वाचत बसलेले, ओठांच्या कोपऱ्यातून हिरवं पान बाहेर आलेलं, आणि आतून काकूंचा आवाज, "खाज सुटली का हो?" काका मान हलवत. कधी होकारार्थी हलवत, मग ते पान बाद होई आणि काकांना चिंचेचं पाणी मिळे. एकदा जंगली अळूनं माझ्यासकट आम्हा तिघांचीही जीभ अशी सुजली की संध्याकाळपर्यंत कोणालाच कोणाला दोष देता आला नाही.

बाकीचं तलावातून यायचं. तलावात नांगर चालत नाही, हा काकूंचा मोठा शोध. शिंगाडे, कमळकाकडी आणि पसईचा भात. हा पसई तळ्याकाठी आपोआप उगवतो, आपण त्याला देवभात म्हणतो. शेजारच्या तिवारी भाभी हरछठच्या उपासाला तोच खातात, कारण त्यांच्यातही त्या दिवशी नांगराचं चालत नाही. त्यांनी तो काकूंना मिळवून दिला खरा, पण त्या पाहून पाहून थकल्या. "दीदी, हम तो एक दिन में हाथ जोड़ लेते हैं," त्या म्हणायच्या, "आपने तो भगवान को भी उलझा दिया." दूध म्हशीचं चाले, कारण म्हशीला कोणी जुंपत नाही. रेडे जुंपतात हे मला ठाऊक होतं. पण दूधही बंद झालं असतं, म्हणून मी गप्प राहिलो.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि आम्ही हसतही होतो. पण दिवाळी येईपर्यंत काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. काकांना त्या वेगळी पोळी करून देत. ते ती खात नसत, समोर पाला खाणारं माणूस बसलेलं असताना पोळी घशाखाली उतरत नाही म्हणायचे. काका बोलणारे नव्हते. कार्तिकात एका सकाळी मला भिंतीपलीकडून खणल्याचा आवाज आला. पाहतो तर काका परसात कुदळ घेऊन उभे. त्यांना बैलाशिवायचा गहू काढायचा होता.

दोन दिवसांत कुदळीनं कंबर धरली. मग त्यांनी जुन्या सायकलचं हँडल, लोखंडी पट्टी आणि पाण्याचा पाइप जोडून एक नांगर तयार केला. पकडायला मागं कोणी नव्हतं म्हणून त्यावर दगड बांधला. दोर छातीभोवती घेतला आणि ओढायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस, पायात कारखान्याचे बूट, डोक्यावर माकडटोपी, आणि पाठीमागं दगड बसवलेली सायकल. लोक फिरायला जाताना थांबून बघत. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलत नाहीत याचंच मला भय वाटायचं.

गहू उगवला. साऱ्या कॉलनीचं लक्ष त्या चिंचोळ्या हिरव्या पट्टीकडे लागलं. माघात काकू नळावर चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी काकांना बाहेर घेऊन सांगितलं की या वयात असं चालणार नाही, धान्य पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी आणाल तेव्हा मी काही सांगू शकणार नाही. आत काकू नर्सला विचारत होत्या की सलाईनमध्ये काय असतं. नर्स म्हणाली, "अम्मा, यह तो फैक्टरी में बनता है." काकूंचा चेहरा निवळला. मला म्हणाल्या, "फॅक्टरीतलं चालते. हे जन्मभर फॅक्टरीत होते, एकदाही बैल दिसला नाही म्हणतात."

पुण्याहून त्यांची मुलगी माधुरी आली. ती रडली, ओरडली, शेवटी आईच्या पायांशी बसून राहिली. काकूंचं एकच म्हणणं होतं, ह्यांचा गहू पिकू दे, मग बघू. आम्ही सगळे ऊन मोजू लागलो. पोपट येत म्हणून काका परसात खुर्ची टाकून डबा वाजवत बसायचे. होळीनंतर ओंब्या पिवळ्या पडल्या. काकांनी विळ्यानं कापल्या, लोखंडी कॉटवर झोडपल्या. पण दळायचं कुठं? चक्कीत आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ राहिलेलं असतं, पहिलं पीठ नेहमी दुसऱ्याचं येतं. काकांनी चक्कीवाल्याला आधी शेरभर शिंगाडे दळायला लावले आणि मग आपला गहू घातला. चक्कीवाला आजही त्या दिवसाची गोष्ट सांगतो, फक्त आता त्यात काका पोलिसांना घेऊन आले होते.

माधुरीनं पोळ्या केल्या. ताटात तूप म्हशीचं. काकू भिंतीला उशी लावून बसल्या होत्या, गालांची हाडं वर आलेली. आम्ही तिघं समोर. काकूंनी पोळीकडे पाहिलं आणि त्यांची चौकशी सुरू झाली.

"नांगर कोणी ओढला?"

"तू पाहिलंस की खिडकीतून," काका म्हणाले. "मी."

"वाचनालय, नियम काय आहे?"

मी म्हणालो, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. माधुरी म्हणाली, "आई, बाबा बैल नाहीत गं." काकू म्हणाल्या, "गप. बैलाला कोणी विचारते का, बाबा रे, ओढशील का? ते मुकं जनावर आहे. त्याला जुंपतात, म्हणून त्याचं एक दिवस तरी खायचं नाही. आणि अहो, तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "कोणी विचारलं नाही."

माधुरीनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, संपलं. काकूंनी पोळीला बोट लावून पाहिलं, मग म्हणाल्या, "मग आता विचारते. मनानं ओढला का?"

"मनानं. मधे मधे कंटाळा यायचा."

"कंटाळा आला की काय करायचे?"

"थांबायचो. चहा करून प्यायचो."

"बैल चहाला थांबते का रे, वाचनालय?"

मी नाही म्हणालो. काकूंनी पोळी मोडली, तुपात बुडवली आणि घास तोंडात घातला. आम्ही तिघं त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलो. "कचकच लागते," त्या म्हणाल्या. "झोडपताना माती येऊ दिली." आणि दुसरा घास घेतला.

तो गहू पुरवून पुरवून त्यांनी पंचमी गाठली. त्या दिवशी पातेलंभर भाजी केली, सगळ्या बायकांना वाढली आणि दुसऱ्या दिवशी काकांना जिलेबी आणायला लावली. मंडीतला गहू पुन्हा घरात आला. पण परसातला पट्टाही राहिला. कार्तिक लागला की काकू दारात उभ्या राहून काकांना रीतसर विचारायच्या, "यंदा लावता का?" काका विचार केल्यासारखं करून हो म्हणायचे, आणि मगच दोर काढायचे. कधीतरी न विचारता ते सुरू झाले असते तर काय झालं असतं, हे बघायची माझी छाती नव्हती.

यंदा दसऱ्यानंतर काकू गेल्या. फार काही झालं नाही. दुपारी चिंचेचा पाला निवडता निवडता ताटलीवरच मान टाकली. तेराव्याला हॉलमधल्या आचाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. वरण-भात, पोळी, खीर, सगळे निमूट जेवले. मी पहिला घास घेण्याआधी थोडा थांबलो, एवढंच.

माधुरी वडिलांना पुण्याला न्यायला थांबली होती. क्वार्टर सोडून द्या म्हणाली. काका हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. कार्तिकातल्या एका सकाळी ती आत सामान बांधत होती आणि काका परसात, नांगराशेजारी खुर्चीवर बसले होते. पायात बूट होते. दोर भिंतीवरच्या खिळ्याला तसाच होता. मी भिंतीपाशी उभा राहिलो. ते म्हणाले, "जमीन तयार आहे. पण यंदा कोणी विचारलं नाही."

मी आयुष्यात कोणाला फारसं काही विचारलेलं नाही. पुस्तकांना विचारावं लागत नाही. मी भिंतीला वळसा घालून त्यांच्या दारानं आत गेलो, परसात उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, यंदा लावता का?"

त्यांनी विचार केल्यासारखं केलं. मग उठले, नांगरावरचा दगड सोडून बाजूला ठेवला आणि हँडल माझ्या हातात दिलं. दोर छातीभोवती घेतला. रस्त्यावर दोघं-तिघं थांबले होते. माधुरी दारात आली, हातात अर्धी घडी केलेली चादर. एक पाऊल टाकून काका मागं वळले.

"धरून ठेव फक्त," ते म्हणाले. "हाकू नकोस. मी आपला आपण चाललोय."