आर्डिस त्वेतेनचे हात

मेस्कीट बेंड या वसाहतीत चाकांवरची घरे जागेवर लावण्याची एक ठरलेली रीत आहे. नवरा पिकअप चालवतो आणि तिला जोडलेले घर उलटे आत घेतो. बायको मागे उभी राहून हातांनी खुणा करते. एक हात हलला तर ये, दोन्ही हात वर गेले तर थांब. नोव्हेंबरात उत्तरेकडची मंडळी ॲरिझोनातल्या युमाच्या उन्हात येऊ लागली, की आधी आलेले लोक कॉफीचे पेले घेऊन खुर्च्यांवर बसतात आणि कोणी कितव्या खेपेत घर लावले, हे हिवाळाभर लक्षात ठेवतात.

नॉर्थ डकोटाचे डेल्मर आणि आर्डिस त्वेतेन अकरा हिवाळे येथे येत होते. एकतीस वर्षे बर्फातून शाळेची बस चालवलेल्या डेल्मरला दुसरी खेप कधीच लागली नव्हती. या वर्षी मात्र त्याने सर्वांदेखत विजेचा खांब आडवा केला.

आर्डिसने दोन्ही हात वेळेवर वर केले होते. डेल्मरने आरशातून तिच्याकडे सरळ पाहिले, समजल्यासारखी मान हलवली आणि तो मागे येतच राहिला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा भर वर्गात उत्तर विसरलेल्या मुलासारखा झाला होता. तो चेहरा कोणाच्या नजरेस पडू नये, एवढ्यासाठीच ती मोठ्याने म्हणाली, “चूक माझी. मी खूण उशिरा केली.”

शेजारी राहणाऱ्या आयोवाच्या वायमन क्रूझला एवढे पुरले. रविवारच्या सामुदायिक जेवणाला ती बटाट्याचे भांडे घेऊन आली, की तो दोन्ही हात वर करी. “हवालदारीणबाई, भांडं टेबलावर ठेवताय की खांबावर?”

सगळे हसत, आर्डिसही हसे. पण नाताळच्या सुमारास डेल्मर स्वतःच ती हकीकत सांगू लागला. “मी थांबलोच असतो हो. हिचे हात तर वर यायला हवेत ना.” केक कापता कापता आर्डिसची सुरी थांबली. तो सोंग करत नव्हता. तिने सांगितलेले खोटे त्याला खरोखरच आठवत होते.

जानेवारीत, दहा मिनिटांवरच्या दुकानातून पाव आणायला गेलेला डेल्मर तीन तासांनी रिकाम्या हातांनी परतला. “लेट्यूसची शेतं बघत बसलो,” तो म्हणाला. चावी खिळ्याला अडकवताना ती दोनदा खाली पडली.

त्या दिवशी आर्डिसने आपली काळजी डॉक्टरांखेरीज पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली. कॅनडातल्या मॅनिटोबाची लोर्ना फ्रीसन विधवा होती आणि आपले घर एकटीच ओढून आणत असे.

“डॉक्टरला दाखवलंस का?”

“दाखवलं. घरी गेल्यावर तपासण्या करून घ्या म्हणाले. घर अठराशे मैलांवर आहे, लोर्ना.”

“मग तू चालव.”

“किराणा दुकानापलीकडे मी कधी गाडी नेलेली नाही.”

“मी तरी कुठे नेली होती? हेन्री गेला तेव्हा चावी काय त्याच्या शवपेटीत ठेवायची होती?”

मंगळवारी आणि गुरुवारी पुरुष मंडळी घोड्याचे नाल फेकण्याचा खेळ खेळत. तेवढ्या वेळात, धुलाईघरामागच्या मोकळ्या मैदानावर, लोर्नाच्या पिकअपवर आर्डिस मोठी गाडी पुढेमागे घ्यायला शिकली. मार्च संपत आला तोवर तिला ती नीट चालवता येऊ लागली होती. उरले होते ते नवऱ्याला सांगणे, आणि ते तिने निघण्याच्या आदल्या दुपारपर्यंत लांबवले.

“डेल, उद्या मी चालवणार आहे.”

“तू? खांब पाडणारी?”

“मी हात वेळेवर वर केले होते, डेल. तू बघितलंस, मान हलवलीस आणि आलास.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस? चार महिने माझ्यावर पाळत ठेवत होतीस?”

खरे उत्तर त्याला अधिकच लागले असते, म्हणून ती भांडी खोक्यात भरू लागली. तो दाराकडे पाठ करून बाहेर बसला. रात्री जेवला नाही. चावी त्याच्या खिशातच राहिली.

सकाळी निरोपासाठी खुर्च्या मांडल्या गेल्या. घराची पिन पिकअपमधल्या आकड्यात बसवायची, तर पिकअप पुन्हा उलटी घ्यावी लागते आणि खुणाही पुन्हा लागतात. इस्त्रीचा सदरा घातलेला डेल्मर चालकाच्या दारापाशी गेला. मुठीवर हात ठेवून तो इतका वेळ उभा राहिला, की वायमननेही पेला खाली ठेवला. मग तिच्याकडे न पाहता त्याने चावी तिच्या तळहातावर ठेवली आणि तो चालत मागे, तिच्या जागी जाऊन उभा राहिला.

“डेल, बदली झाली काय रे तुझी?” वायमनने विचारले.

“हिला खुणा जमत नाहीत,” डेल्मर म्हणाला, “म्हटलं, चाक तरी जमतंय का बघू.”

सगळे हसले. लोर्ना तेवढी हसली नाही. आर्डिसने ते बोलणे ऐकले आणि आरसा आपल्या उंचीला जुळवून घेतला.

ती सावकाश मागे आली. आरशात डेल्मरचा हात नीट हलत होता: ये, ये. खटका वाजला. पिन पक्की बसल्याचा हिसका तिला आसनाखाली जाणवला. डेल्मरचा हात तरीही हलतच होता. ये, ये. खुर्च्यांवरचे हसणे एकेक करून थांबले. वायमन अर्धवट उठला होता.

आर्डिसने ब्रेक दाबून धरला. डेल्मरने आरशातून तिच्याकडे सरळ पाहिले आणि समजल्यासारखी मान हलवली.

थोड्या वेळाने तो तिच्या शेजारी येऊन बसला. “बरोबर सांगितलं ना मी?”

“अगदी बरोबर,” आर्डिस म्हणाली. “पट्टा लाव.”