संभाव्य दहा प्रश्न

बावीस वर्षं शाळेत शिकवून मी वकील झाले आणि आता बेंगळुरूच्या सरकारी शाळांचे खटले लढवते. शिक्षिका असताना पाठांतरावर माझा भारी राग. घोकून आलेल्या मुलांना मी वर्गात फाडून खायची.

येलहंक्याच्या एका शाळेचं मैदान शेजाऱ्यानं कुंपण घालून बळकावलं होतं. आमच्या बाजूनं साक्षीला मुख्याध्यापक. निपाणीकडचे, सज्जन, आणि कोर्टाच्या नुसत्या नावानं घाम फुटणारे. "अक्का, काय विचारतील, स्वल्प सांगून ठेवा की," असा रोज फोन. शेवटी वैतागून मी त्यांना संभाव्य दहा प्रश्न उत्तरांसकट लिहून दिले.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलानं विचारलं, "या शाळेत किती वर्षं आहात?"

"पूर्वेला चिंचेचं झाड, पश्चिमेला रस्ता," मुख्याध्यापक खणखणीत आवाजात म्हणाले.

माझ्या कागदावर पहिला प्रश्न मैदानाच्या हद्दीचा होता. दुसरा, मापाचा.

"तुमचं शिक्षण?"

"साठ फूट रुंद, ऐंशी फूट लांब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मास्तर, हे तुमच्याकडून पाठ कोणी करून घेतलं?"

हा प्रश्न त्या दहांत नव्हता. तरी उत्तर चटकन आलं. मुख्याध्यापकांनी भर कोर्टात माझ्याकडे हात केला.

"अक्कांनी. फार मेहनत घेतली हो माझ्यावर!"

बावीस वर्षांत इतक्या अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवणारा विद्यार्थी मला हा पहिलाच मिळाला.