देवमनच्या टेपा

इंझोरीचा ग्यानबा भोंगेवाला. लग्न असो की भीमजयंती, भोंगा त्याचाच. दोस्त देवमन बेंजो वाजवायला बसला, की ग्यानबा पदरमोड करून ते टेप करायचा. मागच्या साली देवमनचं प्रेत गावच्या पाटलांच्या विहिरीत सापडलं. पाय घसरला, असं गाव म्हणालं.

एका दुपारी देवमनची बायको वच्छला आली. "मले त्याचं वाजवणं आयकाचं हाये, भाऊ. कुठून सुरू करू?"

"मानोऱ्याच्या टेपेपासून. तिथं त्याचा हात मोकळा झाला. मंग जऊळक्याची. तेवढं पुरे."

"अन् शेवटची?"

"तिच्यात खरखर लय हाये, वयनी."

"तेच लाव."

ग्यानबानं नाइलाजानं लावली. त्याच विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्यांवरचं गाणं होतं. बेंजो पेटला होता. टाळ्या पडल्या, आणि मग माईकजवळ कोणीतरी अगदी मायेनं बोललं, "बेंजोवाल्याले चहा पाजा. मंग विहिरीच्या वाटेनं आणा. एकटाच."

ग्यानबाचा हात बटणाकडे गेला. वच्छलानं मनगट धरलं. "हा कोन हाये?"

ग्यानबाला आवाज ओळखीचा होता. वर्षभर त्यानं तो टेपेतच दडवून ठेवला होता. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दारात सावली पडली. जानराव पाटील उभे होते.

"ग्यानबा," ते मायेनं म्हणाले, "पोरीच्या लग्नाले भोंगा लागते."

मनगटावरची पकड घट्ट झाली. वच्छलाला आता नाव विचारायचं उरलं नव्हतं.

"अन् सुरुवात," पाटील फिरत्या टेपेवरची नजर तिच्याकडे वळवत म्हणाले, "देवमनच्या बेंजोनंच करजो."