कुंकू न धरणारा अंतरपाट

श्याम अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्यांचा मुलगा. पान खुडायला आलं की नाही, हे तो वेलीला नुसता हात लावून सांगे. नोकरी मात्र नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात. तिथे कापड फ्लोरोकार्बनच्या दुधट पाण्यात बुडवायचं, रुळांत पिळायचं, भट्टीत तापवायचं. मग त्यावर पाणी ठरत नाही, तेलही नाही. रेनकोट, तंबू, दवाखान्यातले झगे, सगळ्यांना ते चालतं. फ्लोरिन एकदा कार्बनला बिलगला की सहजी सोडत नाही. मातीत गेला तरी वर्षानुवर्षं तसाच. या चिवटपणाबद्दल श्यामला आदर होता. भट्टीसमोर मात्र जीव गुदमरे. राजीनामा देऊन मळ्यात परतायचं त्यानं पक्कं केलं होतं.

मग आचलचं स्थळ आलं. तिचे वडील पुंजाराम तेल्हाऱ्याचे. स्वतः कापूस पिकवत आणि ठणकावून सांगत, "शेतीवाल्याले पोरगी देत नाई." आचल श्यामला मनापासून आवडली, त्यामुळे खरं सांगणं आधी साखरपुड्यापर्यंत लांबलं, मग हळदीपर्यंत. आचलला सगळं ठाऊक होतं. "अक्षता पडायच्या आंधी बाबाले सांगजा," ती म्हणाली होती. "मांगून सांगसान त मी खोटी पडीन."

कारखान्यातल्या पोरांचा एक रिवाज होता: आपल्या लग्नातला अंतरपाट कारखान्याच्याच कापडाचा, पण भट्टीत जाण्याआधीच्या. श्यामनं हौसेनं सगळ्यात नीटस पांढरा तुकडा निवडला. नीटस म्हणजे भट्टीतून निघालेला, हे निदान त्याला तरी सुचायला हवं होतं.

मांडवात मोरोपंत गुरुजींनी त्यावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक रेखायला घेतलं. कुंकवाचे मणी झाले आणि घरंगळले. गुरुजींनी कुंकू तेलात कालवलं. तेही घरंगळलं.

"कुंकूच धरत नाई व माय!" आचलची आई दुर्गाबाई मटकन खाली बसल्या.

पुंजारामांचा चेहरा उतरला. "काय आणलं हे, जवाईबापू?"

सांगायची वेळ हीच होती. पण इथे राजीनाम्याचं काढलं तर मांडवच उठला असता.

"अपशकुन नाई मामाजी. कंपनीचं कापड हाय. मीच काढलं भट्टीतून. याच्यावर काईच टिकत नाई."

पुंजारामांनी हातातल्या कपातला चहा त्यावर ओतला. चहा थेंब थेंब होऊन सटकला, कापड कोरडं. त्यांनी व्याह्यांचाही कप घेतला आणि ओतला.

"पाहा रे, माह्या जवायाचं काम! असी नोकरी सोडंल तो येडाच!"

"मामाजी, तेच सांगून राहिलो—"

"काई सांगू नका. समजलं मले."

गुरुजींनी आपलं उपरणं सोडून अंतरपाट म्हणून मधे धरायला दिलं. त्यावर कुंकू शहाण्यासारखं बसलं. उपरण्यापलीकडून आचल हळूच म्हणाली, "सांगतलं का?"

"निम्मं."

"कोनतं निम्मं?"

तेवढ्यात सावधान झालं आणि अक्षता पडल्या. पुंजाराम तो कोरडा तुकडा नीट घडी करून काखेत धरून उभे होते.