अर्धं पुस्तक वरच्या मजल्यावर

कूलरचं गवत आणायला मी बाहेर पडले होते. सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत उभी असताना ह्यांचा फोन आला. "लवकर ये. वहिनी उठत नाहीयेत." गवताचा गठ्ठा मी तिथेच कुठेतरी ठेवला असणार, कारण घरी पोचले तेव्हा हात रिकामे होते. खालच्या मजल्यावर अक्का नेहमीसारख्या कुशीवर निजल्या होत्या, चष्मा उशाशी घडी करून ठेवलेला. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर येऊन गेले होते. कुणाला धावपळ करायची संधीसुद्धा त्यांनी दिली नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला अजिबात धरून नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मुलगा पुण्याला, त्यामुळे दीर गेल्यापासून खाली त्या एकट्या आणि वर आम्ही दोघं. सहा आठवडे झाले त्यांना जाऊन. हे लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठले आहे. एकदा गॅस बघायला, एकदा दार बघायला, एकदा उगाच... बसवतच नाही.

अक्कांचं माहेर मंगळवेढ्याचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. होळी झाली की त्यांच्या अंगात यायचं. गच्चीला चुना मारायचा, कपाटं या भिंतीवरून त्या भिंतीला न्यायची, कूलरची मोटर स्वतः उघडून बसायची. पाडव्यापर्यंत घरात नीट पाय ठेवायला जागा नसे. एक ना धड, भाराभर चिंध्या. मी म्हणायचे, "अक्का, एक काम संपवा, मग दुसरं काढा." त्यांचं उत्तर ठरलेलं, "संपलं की मग काय करू? बसू व्हय नुसती?" चुना वाळेपर्यंत शब्दकोडं, रंग वाळेपर्यंत कादंबरी. क्रिकेट लागलं की टीव्हीचा आवाज बंद, आणि समालोचन अक्कांचं.

वाचायचं वेड आम्हा दोघींनाही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी एका जाड कादंबरीवरून दुपारभर आमची ओढाताण चालली होती. तेव्हा अक्का उठल्या, विळी घेतली आणि पुस्तकाचे मधोमध दोन भाग केले. सासरे हबकले. "अगं, सरस्वती कापलीस!" अक्का म्हणाल्या, "कापली न्हाय मामंजी, वाटून घेतली." तेव्हापासून घरात विकत आलेलं प्रत्येक जाड पुस्तक असंच वाचलं गेलं. एकीचा पुढचा भाग वाचून झाला की तो दुसरीकडे जायचा आणि ती मागचा सुरू करायची. दोघींचं संपलं की अक्का कणकेची खळ शिजवून ते पुन्हा चिकटवायच्या आणि वरून जुन्या चादरीची पट्टी लावायच्या. आमच्या कपाटातली निम्मी पुस्तकं चादर पांघरून उभी आहेत.

या फाल्गुनात अक्कांचे हात ऑइलपेंटमध्ये होते. "तू हो पुढं, मीना," म्हणाल्या, म्हणून पाचशे पानांची नवी कादंबरी आधी मी वाचली. संपूर्ण वाचली. पुढचा भाग त्यांना दिला आणि मागचा वर राहिला. त्याच आठवड्यात मी एकदा भाजी घेऊन आले, तर जिन्याचा कठडा अर्ध्यापर्यंत पोपटी. राखाडी द्यायचा असं आमचं ठरलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. ऊन डोक्यात गेलं होतं म्हणा, नाहीतर मुळात माझी जीभच तिखट म्हणा, मी म्हणाले, "तुम्हाला विचारायची पद्धतच नाही. हे घर काही तुमच्या एकटीचं नाही."

अक्का ब्रश हातात धरून उभ्या राहिल्या. "बरं," म्हणाल्या. डब्याला झाकण लावलं आणि खाली गेल्या. कठडा अजूनही तसाच आहे, निम्मा पोपटी, निम्मा जुना तपकिरी.

दुसऱ्या दिवशी खालून हाक आली, "मीना, झालं का गं वाचून?" मी म्हणाले, "नाही अजून." का म्हणाले? हट्ट, दुसरं काय. एकदा खोटं बोलल्यावर ते निभावत राहावं लागतं. दोन दिवसांनी पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. शेवटची हाक त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशीची. या वेळी त्या जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत चढून आल्या होत्या. "लई दिवस लावलीस की गं."

"शंभर पानं राहिलीत, अक्का," मी आतूनच म्हणाले.

"असू दे, असू दे. डोळे नको ताणूस."

त्या लगेच खाली गेल्या नाहीत. त्यांच्या सपातांचा आवाज बऱ्याच वेळाने झाला. तोवर मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि कान जिन्याकडे होते.

त्या गेल्यावर मला दिवसरात्र एकच बोचत राहिलं. पन्नास वर्षं वाचणाऱ्या बाईला माझ्यापायी एक गोष्ट अर्धी टाकून जावं लागलं. शेवट काय झाला, ते तिला कळलंच नाही. तेराव्याला पानं वाढतानाही माझ्या डोक्यात तेच.

मागच्या आठवड्यात पुतण्याने अक्कांचं वाचनालयाचं कार्ड माझ्याकडे दिलं, बंद करून टाक म्हणून. वाचनालयात शेखभाई बसतात, त्यांना अक्का पहिल्यापासून माहीत. त्यांनी वही उघडली, अक्कांचं पान काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. शेवटची नोंद त्याच कादंबरीची. आमचं भांडण झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी नेलेली, चार दिवसांत परत केलेली. मी तारखा पुन्हा वाचल्या. जिन्यातल्या त्या शेवटच्या हाकेच्या दोन दिवस आधी पुस्तक परत आलं होतं.

"भर उन्हात चालत आल्या होत्या," शेखभाई म्हणाले. "मी विचारलं, आपा, तुम्ही तर हे विकत घेतलं होतं ना? तर म्हणाल्या, घरी हाय की, पण अर्धं रुसून वर बसलंय. परत द्यायला आल्या तेव्हा मी म्हटलं, चला, आता घरचं मागायची गरज नाही. तर हसल्या. म्हणाल्या, मागणार तर. तिला खाली यायला काय निमित्त नको?"

मी कार्ड बंद न करताच बाहेर आले. रिक्षा न करता चालत राहिले, घर मागे टाकून बरीच पुढे गेले आणि मग परत फिरले.

राग माझा दुसऱ्याच दिवशी गेला होता, अक्का. बारा पायऱ्या होत्या फक्त.