बस्त्यावचं आम्लेट

माझी चूक आधी सांगतो, मग बस्त्यावबद्दल लिहितो. नाहीतर मी पुन्हा पळवाट काढल्यासारखं होईल.

नव्वदच्या दशकात मस्कतच्या एका हॉटेलात मी कर्मचाऱ्यांच्या रजेचे कागद पाहायचो. वसईचा बस्त्याव तिथेच नाश्ता बनवायचा. गिऱ्हाइकानं परत पाठवलेलं आम्लेट तो स्वतः कसा चाखतो, हे तो कॅन्टीनमध्ये गंभीर चेहऱ्यानं करून दाखवायचा... आधी वास, मग एक घास, मग बराच वेळ काहीच नाही. आम्हाला हसून ठसका लागायचा. हॉटेलात उतरलेल्या एका ब्रिटिश दिग्दर्शकानं ते पाहिलं. तुटपुंज्या पैशांत तो विनोदी सिनेमा काढत होता: एक दिवाळखोर इंग्रज आणि त्याचा भारतीय आचारी ओमानमधल्याच सहम गावच्या किनाऱ्यावर चहाचं दुकान टाकतात. आचारी म्हणून त्याला बस्त्यावच हवा होता. बस्त्यावसाठी बारा दिवसांची मोकळीक मागणारं पत्र दिग्दर्शकानं माझ्याकडे दिलं. त्यावर आमच्या मालकाची, अर्बाबची, सही हवी होती. मी ते खणात ठेवलं आणि दोन दिवसांनी दोघांना सांगितलं, "अर्बाब नाही म्हणतात." मग हळूच जोडलं, मी नाटकांत कामं केली आहेत...

"तूच कर रे," बस्त्याव म्हणाला. "पण घास घेतल्यावर थांब हां. लगेच बोलू नको."

माझी हक्काची रजा टाकून मी गेलो, आणि कॅमेऱ्यापुढे घास घेताच लगेच बोललो. इंग्रज नायकही शोकनाट्यांतला. आम्ही दोघं दुकान नव्हे, मयताची तयारी करतोय असं वाटायचं.

हॉटेलच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तेव्हा कोणी हसलं नाही. दिवे लागल्यावर अर्बाब म्हणाले, "बस्त्याव, ये तो तेरा आम्लेटवाला काम है! मेरे को पूछा क्यूं नहीं? मैं छुट्टी देता."

बस्त्यावनं माझ्याकडे पाहिलं. नजर काही हटेना.

"कॅमेरे से डर लगता है, अर्बाब," तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही मस्कतच्या अल खौद भागात दहा वर्षं शेजारी राहिलो. तो आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून मी धास्तावून असायचो. तो फक्त ताट पुढे सरकवायचा, "खा."

गेल्या महिन्यात तो वसईत वारल्याचं कळलं. मी पोचलो तेव्हा दफनविधी होऊन गेला होता. त्याच्या बायकोनं, रोझीवहिनींनी, सिनेमाची जुनी कॅसेट लावली. पडद्यावर मी आम्लेटचा घास घेतला आणि त्यांनी रिमोट दाबला. माझं भरलेलं तोंड थिजलं.

"इथं हे नेहमी थांबवायचे," त्या म्हणाल्या. "तीन श्वास मोजायचे, मग चालू करायचे. म्हणायचे, आता बघा, माझा दोस्त कसा हसवतो."

"वहिनी, ते पत्र मी अर्बाबना दाखवलंच नव्हतं. काम त्याचं होतं."

त्यांचा अंगठा रिमोटवरच होता. मी थिजलेल्या चित्राकडे पाहून म्हणालो, "बस्त्याव, मी खोटं बोललो. मला माफ कर रे."